मेरीलँडच्या माँटगोमेरी काउंटीतलं हायस्कूल : मुलीचं नववीचं वर्ष संपताना

मुलगी गेल्या ऑगस्टमध्ये काउंटीच्या पब्लिक हायस्कूलला जायला लागली, आता जूनमध्ये वर्ष संपतंय. इकडे घर शोधणाऱ्या मराठी मित्रांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "शाळेचं रेटिंग किती?" शाळा घराच्या पत्त्यावरून ठरते, तेव्हा प्रश्न रास्तच आहे. पण माझं मत असं झालंय की शाळेच्या नावापेक्षा मुलं कोणते विषय घेतात, त्यावर वर्ष कसं जाणार ते ठरतं.

नववी ते बारावी मिळून हायस्कूल. दहावीनंतर सायन्स की कॉमर्स, हा प्रश्नच येत नाही. डिप्लोमासाठी, म्हणजे हायस्कूल पास झाल्याच्या प्रमाणपत्रासाठी, २२ क्रेडिट लागतात; वर्षभराच्या एका विषयाचं साधारण एक क्रेडिट. गणित आणि इंग्रजी चार-चार क्रेडिटचं, आणि एक क्रेडिट कलेचं घ्यावंच लागतं. मुलीने कुंभारकाम घेतलं. हाताने माती मळून भांडं घडवणं शाळेच्या वेळात, गुणांसकट शिकवतात, याचं मला फार अप्रूप वाटतं. ऑनर्स (जरा वरच्या पातळीचे वर्ग) किंवा एपीच्या (कॉलेजच्या पातळीचे विषय) वर्गातला 'ए' वेटेड जीपीएत, म्हणजे अवघड वर्गांना जास्त वजन देणाऱ्या गुणांच्या सरासरीत, चारऐवजी पाच धरतात, म्हणून आपल्याकडचे बरेच पालक सगळंच ऑनर्स घ्यायला लावतात. तसं करू नका. तिच्या दोन मैत्रिणी हिवाळ्यापर्यंत पार थकून गेल्या होत्या.

मॅग्नेटबद्दल, म्हणजे अर्ज करून निवड होणाऱ्या खास अभ्यासक्रमांबद्दल, सगळे विचारतात : ब्लेअर हायस्कूलचं विज्ञान-गणित, रिचर्ड माँटगोमेरी हायस्कूलचं आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट हा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम). त्याची तयारी आठवीच्या सुरुवातीलाच करा. व्हीटनच्या एडिसन शाळेचं नाव मात्र आपल्या घरांत कोणी काढत नाही. तिथे मुलं अर्धा दिवस गाड्यांची दुरुस्ती, बांधकाम असं काम शिकतात आणि उरलेला वेळ आपापल्या हायस्कूलमध्ये असतात. हातात कसब असलेल्या मुलासाठी ही मोठी सोय आहे, तिला कमी लेखू नये.

खटकलं ते वेळापत्रक. पावणेआठला पहिला तास, म्हणजे डिसेंबरात अंधारातच बस पकडायची. या वयात झोप अशी तोडणं मला मान्य नाही. विषय निवडायला मदत करणाऱ्या शाळेतल्या समुपदेशकांकडेही मुलं फार असतात. पुढच्या वर्षीचे विषय हिवाळ्यातच भरायचे असतात, तेव्हा त्यांची वेळ आधीच मागून घ्या.

आणि ७५ तासांची समाजसेवा डिप्लोमासाठी सक्तीची आहे. पाचवीनंतरच्या सुट्टीपासूनचे तास धरतात. काम सुरू करण्याआधी ती संस्था काउंटीच्या मंजूर यादीत आहे का, तेवढं बघून घ्या.