बी.ए. की बी.एस्सी.? पर्यावरणाच्या पदवीत चार सत्रं काढल्यावर

प्रवेश घेताना माझ्यापुढे चार वाटा होत्या: पर्यावरण अभ्यासाची बी.ए., पर्यावरण विज्ञानाची बी.एस्सी., पर्यावरण अभियांत्रिकी, आणि चौथी म्हणजे दुसऱ्याच एखाद्या विषयात पदवी करून पर्यावरण ‘मायनर’, म्हणजे दुय्यम विषय म्हणून घेणं. मी बी.ए. घेतली. आता चौथं सत्र संपत आलंय. प्रवेशाच्या दिवसांत बारावी झालेली मुलं-मुली ‘कोणती घेऊ?’ असं विचारतात, म्हणून जे प्रत्यक्ष अनुभवलं ते सविस्तर लिहितेय.

माहितीपुस्तिका वाचून काहीही ठरवू नका. दोन्ही पदव्यांचा पहिला परिच्छेद जवळजवळ सारखाच असतो: हवामान बदल, जैवविविधता, शाश्वत विकास. खरा फरक वेळापत्रकात दिसतो. बी.एस्सी.वाल्यांच्या आठवड्यातल्या तीन दुपारी प्रयोगशाळेत जातात, वर जर्नल आणि व्हायवा. आमच्या दुपारी मोकळ्या दिसतात, पण त्या वाचनात आणि लिखाणात संपतात. एका पेपरसाठी आठवड्याला शंभरेक पानं सहज होतात. विभागात जाऊन चालू सत्राचं वेळापत्रक मागून घ्या आणि त्यातला एक अख्खा आठवडा स्वतःचा समजून बघा.

दोन्ही वर्गांत एकच आलेख कसा शिकवतात ते सांगते. अमेरिकी शास्त्रज्ञ चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवाईतल्या मौना लोआ या ज्वालामुखी पर्वतावर हवेतला कार्बन डायऑक्साइड सलग मोजायला सुरुवात केली. तेव्हा प्रमाण दशलक्षात ३१५ भागांच्या आसपास होतं, आज ते ४२० च्या पुढे गेलंय. रेषा वर चढत जाते, पण करवतीसारखे दाते पाडत. बी.एस्सी.च्या वर्गात पहिला प्रश्न त्या दात्यांचा असतो: उत्तर गोलार्धातल्या उन्हाळ्यात झाडं कार्बन ओढून घेतात म्हणून रेषा खाली येते, हिवाळ्यात पुन्हा वर जाते. आमच्या वर्गात सरांनी त्याच आलेखावर १९७२ ची स्टॉकहोम परिषद, १९९२ ची रिओ, १९९७ चा क्योटो करार आणि २०१५ चा पॅरिस करार अशा जागतिक पर्यावरण वाटाघाटींच्या चार उभ्या रेषा मारल्या आणि विचारलं, “यातल्या कुठल्या रेषेनंतर चढ कमी झालेला दिसतो?” वर्गात कुणीच बोललं नाही. मी बी.ए. का घेतली, ते मला त्या दिवशी नीट कळलं.

त्यानंतर आम्ही तीन आठवडे ओझोनवर घालवले. मोलिना आणि रोलंड या रसायनशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये फ्रीज आणि स्प्रेच्या डब्यांतल्या सीएफसी वायूंचा ओझोन थराला असलेला धोका दाखवला, १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरचं ओझोन थरातलं छिद्र जगासमोर आलं आणि १९८७ मध्ये या वायूंवर बंधनं आणणारा मॉन्ट्रियल करार झाला. तो चालला, कारण हे वायू बनवणारे मोजकेच होते, पर्याय हाताशी येत होते, कराराबाहेरच्या देशांशी त्या मालाच्या व्यापारावर बंधनं होती आणि विकसनशील देशांसाठी पुढे निधीही उभा राहिला. कार्बनच्या बाबतीत यातलं किती लागू पडतं, हे एकेक मुद्दा घेऊन तपासायला लावलं. असं शिक्षण मला दुसऱ्या कुठल्याही पदवीत मिळालं नसतं.

ईआयएचा, म्हणजे पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाचा (एखादा प्रकल्प सुरू होण्याआधी त्याचे निसर्गावरचे परिणाम तपासण्याचा) पेपरही तितकाच आवडला. ही पद्धत अमेरिकेच्या १९७० पासून लागू झालेल्या कायद्यातून जगभर गेली. पण इतिहासापेक्षा कामाची ठरली ती खरे अहवाल वाचायची सवय. मला मिळालेल्या अहवालात पक्ष्यांची यादी चांगली लांबलचक होती. तारखा पाहिल्या तर सगळी नोंद एकाच ऋतूतली, आणि स्थलांतरित पक्षी येतात तो काळ त्यात नव्हताच. तेव्हापासून अहवाल हातात आला की मी आधी तारखा बघते.

आता उणीव, आणि ती मोठी आहे. तिसऱ्या सत्रात बी.एस्सी.च्या मुलांबरोबर एका ओढ्यावर गटप्रकल्प होता. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन विंकलर पद्धतीने मोजायचा. ३०० मिलिलिटरची बाटली पाण्याखाली धरून काठोकाठ भरायची, बुच लावताना एकही बुडबुडा आत राहू द्यायचा नाही. मग मँगनीज सल्फेट आणि अल्कलाइन आयोडाइड घातलं की तपकिरी साका धरतो. आम्ल घातल्यावर तो विरघळून पाणी सोनेरी पिवळं होतं. ब्युरेटमधून थायोसल्फेट थेंबथेंब सोडायचं, पिवळा रंग फिका झाला की स्टार्च टाकायचा, सगळं गडद निळं होतं, आणि शेवटी एका थेंबासरशी तो निळा रंग नाहीसा होतो. तो थेंब पहिल्यांदा माझ्या हातून बरोबर पडला तेव्हा झालेला आनंद अजून आठवतो.

पहिल्या फेरीत सरासरी लिटरला ५.२ मिलिग्रॅम आली, महिन्याभराने दुसऱ्या फेरीत ६.४. अहवालाचा मसुदा माझ्याकडे होता. ऑक्सिजन जास्त म्हणजे पाणी चांगलं, असं धरून मी लिहून टाकलं, “पाण्याची स्थिती सुधारली आहे.” गटातल्या बी.एस्सी.च्या मैत्रिणीने वाचून एवढंच विचारलं, “नमुने किती वाजता घेतले होते?” पहिले सकाळी सातला, दुसरे दुपारी दोनला. दिवसा उन्हात शेवाळ ऑक्सिजन सोडतं आणि रात्रभर सगळेच तो वापरत राहतात, त्यामुळे पहाटे आकडा खाली असतो आणि दुपारी वर. आमच्या आकड्यांवरून पाणी सुधारलं असं म्हणताच येत नव्हतं. मी ते वाक्य खोडलं. हा अहवाल वर्गाबाहेर एखाद्या बैठकीत गेला असता तर, हा विचार मला आजही अस्वस्थ करतो.

माझ्या बी.ए.त संख्याशास्त्र ऐच्छिक आहे आणि रसायनशास्त्र अजिबात नाही. हे चुकीचं आहे असं मला ठामपणे वाटतं. दुसरी तक्रार समुपदेशनाची. पर्यावरण विज्ञानाच्या अनेक एम.एस्सी. अभ्यासक्रमांना पदवीला विज्ञानाचे ठरावीक पेपर लागतात, हे प्रवेशाच्या वेळी मला कुणीही सांगितलं नाही. ते मला तिसऱ्या सत्रात, तेही वरच्या वर्गातल्या एका ताईकडून कळलं. पुढे एम.एस्सी. करायचा थोडासुद्धा विचार असेल तर पात्रतेचे नियम आधी वाचा आणि मगच पदवी निवडा.

जीआयएसचा, म्हणजे संगणकावर नकाशे आणि जागेची माहिती हाताळण्याचा पेपर दोन्हीकडे आहे, तो सोडू नका. त्यासाठीचं क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, लँडसॅट या अमेरिकी उपग्रहमालिकेची चित्रंही २००८ पासून फुकट आहेत, आणि मालिका थेट १९७२ पर्यंत मागे जाते. एकाच डोंगरउताराची तीस वर्षांतली हिरवळ मी माझ्या साध्या लॅपटॉपवर बघितली. एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे ३० बाय ३० मीटर, त्यामुळे एकेकटं झाड दिसत नाही, पण जंगलाची कड मागे सरकलेली स्पष्ट दिसते.

अभियांत्रिकीबद्दल मी फक्त शेजारच्या खोलीतल्या मैत्रिणीचं बघून सांगू शकते. गणित भरपूर, आणि प्रश्न वेगळा: हे सांडपाणी स्वच्छ करायला टाकी केवढी हवी, हवा किती सोडायची. ज्याला वस्तू उभी करण्यात समाधान वाटतं त्याने तिकडे जावं. मायनर त्यांच्यासाठी चांगलं ज्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र, कायदा किंवा संगणक असा पक्का ठरलेला आहे.

बी.ए. घेतल्याचा मला पश्चात्ताप नाही. वाचणं-लिहिणं आवडत असेल आणि निर्णय कोण, कसे घेतं यात जीव गुंतत असेल, तर ही पदवी घ्या, पण पहिल्याच सत्रात संख्याशास्त्र निवडा. मी ते चौथ्यात निवडलं. पाचव्या सत्राचा अर्ज कालच भरला: संख्याशास्त्राचा दुसरा पेपर, आणि बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाबरोबर बसून मूलभूत रसायनशास्त्र. ओढ्यावर पुन्हा जायचंय, या वेळी २४ तास, दर तीन तासांनी एक बाटली.