जुन्या बसचं मोटरहोम: ११ महिने वापरल्यानंतर

जवळपास ९ हजार किलोमीटर झाले, आता लिहायला हरकत नाही. बस जुनी आहे, इंजिन मागे, एअर ब्रेक, २४ व्होल्टची. आतलं घर आधीच्या मालकाने केलेलं, मी तयार घेतली. मूळ बस अजून दणकट आहे, इंजिनचं काम एकदाही निघालं नाही. जे काही बिघडलं ते जवळपास सगळं दोनच ठिकाणी, एक म्हणजे जुनं रबर आणि दुसरं म्हणजे घर करताना कोणीतरी मूळ लाईनला जिथे जिथे हात लावला तिथे. हे मला कळायला पाच महिने गेले आणि तोवर चांगले चालणारे पार्ट काढून नवे टाकले, त्याचं वाईट वाटतं.

पहिला त्रास सकाळी स्टार्टिंगचा. रात्रभर उभी राहिली की सेल्फ मारत बसायचं, एकदा सुरू झाली की दिवसभर काही नाही. टाकी अर्ध्याच्या खाली गेली की जास्तच. मेकॅनिकने इंजिनच्या डिझेल पंपाकडे बोट दाखवलं, फिल्टर बदलले, फरक शून्य. मग एकाने सांगितलं की टाकीपासून पंपापर्यंतची लाईन डिझेल ओढून घेते, त्यामुळे तिथे फट असली तर बाहेर थेंब पडतच नाही, उलट हवा आत जाते, आणि रात्री सगळं डिझेल टाकीत परत उतरतं. पंपाच्या आधी थोडा वेळ पारदर्शक पाईप जोडला आणि बुडबुडेच बुडबुडे दिसले. डिझेल हीटरसाठी मूळ लाईनमध्ये एक टी (तीन तोंडांचा जोड) टाकलेला होता, तिथला रबरी पाईप क्लिपखाली चिरलेला. हीटरला टाकीतून वेगळी लाईन दिली, टी काढून टाकला, विषय संपला. पंप आधी बदलला असता तर किती पैसे गेले असते याचा विचारही करवत नाही.

बॅटरीचा प्रकार मात्र सगळ्यांनी नीट वाचावा, कारण बसच्या घरांमध्ये हा खूप आढळतो. २४ व्होल्ट म्हणजे १२ च्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, आणि घरातले लाईट, पाण्याचा पंप सगळं १२ व्होल्टचं, मग करणारा सरळ एकाच बॅटरीवरून वायर काढतो. होतं काय, ती बॅटरी कायम अर्धी भुकेली आणि अल्टरनेटर दोघींना मिळून २८ च्या आसपास देतो त्यामुळे दुसरीला गरजेपेक्षा जास्त चार्जिंग, तिचं पाणी उडतं. माझ्या दोन जोड्या अशा गेल्या आणि दोन्ही वेळा मी बॅटरीलाच दोष दिला. दोन्हींवर वेगवेगळा मीटर लावला तेव्हा इंजिन चालू असताना एकीवर १३ च्या आत आणि दुसरीवर १५ च्या वर! १२ व्होल्टचा सगळा लोड २४ चे १२ करणाऱ्या कन्व्हर्टरवर घेतला, तेव्हापासून दोघी सारख्या चालतात.

गरम होण्याचं थोडक्यात सांगतो. चढाला काटा वर जायचा, थर्मोस्टॅट बदलला, कॅप बदलली. शेवटी तापमानाची गन घेतली (चकाकणाऱ्या धातूवर ती चुकीचं दाखवते, काळी टेप चिकटवून त्यावर मोजायचं) आणि बघितलं तर रेडिएटरच्या आत जाणारा आणि बाहेर येणारा पाईप यात जेमतेम २-३ अंशांचा फरक, म्हणजे पाणी फिरतंय पण उष्णता बाहेर जातच नाही. एका बाजूने टॉर्च धरला तर पलीकडे उजेड येईना, ऑइल आणि धूळ मिळून जाळीत गच्च थर बसलेला. कमी दाबाच्या पाण्याने आतल्या बाजूने हळूहळू धुतला, जोरात मारलं तर पत्रे वाकतात. नंतर तोच चढ काटा न हलता चढली.

एअर ब्रेकच्या हवेची गळती शोधण्याचं काम अजून पूर्ण झालेलं नाही. इंजिन बंद, ब्रेक सोडलेला, चाकांना उटी (अडवायचे ठोकळे) लावलेली, अशा वेळी हवेचा दाब मिनिटाला २ पीएसआयपेक्षा जास्त उतरायला नको, माझी ५ उतरत होती. साबणाचं पाणी लावत लावत कपाटामागे पोचलो, हवेवर चालणाऱ्या जुन्या दरवाज्याची लाईन कापून नुसता प्लग ठोकलेला. तो नीट केला, आता ३ वर आहे, उरलेलं शोधतोय. एक कळकळीची विनंती, एअर बॅगवर (चाकांवर बॉडी तोलणाऱ्या हवेच्या फुग्यांवर) उभ्या असलेल्या बसखाली ठोकळे लावल्याशिवाय कधीच जाऊ नका, हवा गेली की बॉडी खाली बसते आणि कळायला वेळही मिळत नाही. आणि मागच्या चाकांचे स्प्रिंग ब्रेकचे डबे घरी उघडायचे नाहीत, आतली स्प्रिंग जीव घेऊ शकते.

घ्यावी का? मी परत घेईन, पण आधी पलंग उचलून इंजिनपर्यंत हात पोचतो का ते बघेन. माझ्यात इंजिनच्या झाकणावर अख्खा पलंग स्क्रूने बसवलेला होता, बेल्ट बघायला चाळीस मिनिटं लागायची. आता बिजागरीवर केलाय, आणि प्रत्येक वायरला दोन्ही टोकांना लेबल लावतोय, निम्म्या झाल्या.