मांडवीकाठची रविवारची थाळी आणि सोलकढीची वाटी : दहा महिन्यांचा अनुभव

22 जूनच्या रविवारी माझ्या आईने सोलकढीचा एक घोट घेतला, वाटी ताटाबाहेर ठेवली आणि "यात नारळ नाही रे," एवढेच म्हणाली. पणजीत मांडवीच्या काठावर, बेतीची फेरीबोट लागते तेथून चालत पाच मिनिटांवर असलेल्या या खानावळीत आम्ही डिसेंबर 2024 पासून महिन्यातून दोनदा तरी दुपारचे जेवतो, आणि तोवर तिने तेथे ताटात काही टाकलेले मला आठवत नाही. त्या दिवशी मी चिडून जे लिहून काढले होते, ते आज तसेच्या तसे देण्याजोगे राहिलेले नाही. तरीही तक्रार खरी होती, म्हणून सगळे क्रमाने लिहितो.

आम्ही नदीपलीकडच्या पर्वरीचे. गाडी बेतीला ठेवून फेरीबोटीने आलो, की पणजीतले पार्किंग शोधण्याचा त्रास आणि खर्च दोन्ही वाचतात आणि नदी ओलांडण्याचा आनंद मिळतो तो वेगळाच. पायी जाणाऱ्याला तिकीटही नाही. काठाकडची चार टेबले सोडली तर बाकीच्या ठिकाणी पंख्याखाली बसावे लागते. पावसाळ्यात प्लास्टिकचे पडदे सोडतात, त्यामुळे नदी दिसत नाही. ओहोटीला चिखलाचा वास येतो. पण जेवताना कोणी उठण्याची घाई करत नाही, दुपारी खारा वारा सुटला की हात वाळेपर्यंत गप्पा चालतात, आणि एवढ्या निवांतपणासाठी ते पडदे आणि तो वास मी आनंदाने सोसतो.

मासळीबाबत माझा एका शब्दाचाही आक्षेप नाही. 1 जून ते 31 जुलै या समुद्रातल्या यांत्रिक मासेमारीच्या बंदीकाळात अनेक ठिकाणी बर्फातली इसवण (सुरमई) ताजी म्हणून वाढली जाते. येथे मात्र दाराजवळच्या फळ्यावर खडूने 'आज नदीची मासळी' असे लिहिलेले असायचे आणि ताटात शेवटे, चणाक किंवा कुर्ल्या यायच्या. इतका प्रामाणिकपणा दाखवणाऱ्यांनी सोलकढीच्या बाबतीत तो सोडावा, याचाच मला अधिक राग आला.

सोलकढी ही माझ्या दृष्टीने थाळीतली फुकटची वाटी नाही. आमसुले भिजवून काढलेला कोळ, ओल्या नारळाचे पहिले घट्ट दूध, ठेचलेली लसूण, हिरवी मिरची आणि मीठ यांपलीकडे तिच्यात लपायला जागा नसल्याने स्वयंपाकघराने हात आखडता घेतला, तर तो तेथे सर्वांत आधी कळतो. ताज्या नारळाच्या सोलकढीचा रंग थोडा मळकट, जांभळटाकडे झुकणारा असतो आणि रिकाम्या वाटीच्या कडेला दुधाचा पातळ थर राहतो. जूनमधली सोलकढी एकसारखी गुलाबी होती, चवीला किंचित गोड होती, आणि वाटीच्या तळाशी पांढरी बारीक कणी चिकटली होती, जी बोटाने चिरडली तरी विरघळली नाही. ती नारळाच्या दुधाच्या पावडरीची कणी होती. 320 रुपयांच्या थाळीत मला ती नको होती.

गल्ल्यावर विचारले तेव्हा "नेहमीचीच आहे," असे उत्तर मिळाले. पुढच्या खेपेलाही तेच. तिसऱ्या खेपेला, जुलैत, मी वाटी घेऊनच गल्ल्याशी गेलो आणि तळाची कणी दाखवली. तेव्हा आतून स्वयंपाक करणाऱ्या मावशी आल्या आणि त्यांनी सरळ सांगितले, की मे महिन्यापासून निम्मे दूध पावडरीचे असते, कारण नारळ परवडत नाहीत. येथे मला माझे मत बदलावे लागले. 2025 मध्ये नारळाचे भाव कसे कडाडले, हे आम्ही घरीही सोसले होते. आईने तर कालवणातले खोबरेसुद्धा कमी केले होते. मी ज्याला लोभ समजत होतो, ती थाळीचा दर न वाढवण्याची धडपड होती. चूक पावडर घालण्याची नव्हती, विचारल्यावरही ती लपवण्याची होती, आणि ते मी मावशींना नमस्कार करून, पण स्पष्टपणे सांगितले. सोलकढीचे वेगळे पैसे लावा, पण नारळाची द्या, असेही सुचवले.

त्याच दिवशी बिलात सेवाशुल्काची एक ओळ होती. असे शुल्क आपोआप लावता येत नाही, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 मध्येच बजावले आहे आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ती भूमिका उचलून धरली. हे सांगताच दोन मिनिटांत ओळ निघाली. 5 टक्के जीएसटी राहिला, तो योग्यच होता. त्यानंतर ती ओळ माझ्या बिलात परत आलेली नाही.

10 ऑगस्टच्या रविवारी, नारळी पौर्णिमा नुकतीच झाली असताना, फळ्यावर मासळीखाली नवी ओळ दिसली : 'ओल्या नारळाची सोलकढी, 40 रुपये'. थाळी 320 रुपयांचीच होती. तिच्यात आता सोलकढीऐवजी ताक येते. मी काटकसरी माणूस आहे, तरी हे 40 रुपये मला महाग वाटले नाहीत. मळकट जांभळा रंग परत आला होता, जिभेवर लसणीचा तुकडा लागला आणि आईने माझीही अर्धी वाटी घेतली. तेव्हापासून आम्ही तिघांत दोन थाळ्या, जादा भात आणि तीन सोलकढ्या मागवतो.

एक अडचण अजून शिल्लक आहे. नारळ मोजून आणत असल्यामुळे रविवारी दीड वाजेपर्यंत सोलकढी संपते आणि ती संपल्यावर फळ्यावरची ओळ पुसली जात नाही. सप्टेंबरात दोनदा आम्ही बसल्यावर ते कळले. म्हणून आता बेतीहून बाराच्या सुमाराची फेरीबोट पकडतो आणि बसण्याआधी आत डोकावून मावशींना तीन वाट्या बाजूला ठेवायला सांगतो.