अंगणातलं पॉलिहाऊस आणि केळी: नागपूरच्या दोन हिवाळ्यांनंतर

"नागपुरात कूलर लागते बाप्पा, पॉलिहाऊस कशाले?" हे वाक्य मी दोन वर्षांत पन्नासेक वेळा तरी ऐकलं असेल. आईने तर बांबू उतरवत असतानाच विचारलं होतं, "काऊन रे बाबू, झाडाले घर बांधून राह्यला का?" तिचंही चुकत नाही. केळी आपल्याकडे उघड्यावर जगते. पण जगणं वेगळं आणि घड खायला मिळणं वेगळं. या दोहोंच्या मधे डिसेंबर-जानेवारी आडवे येतात.

२९ डिसेंबर २०१८ ची रात्र ज्यांना आठवते त्यांना जास्त सांगायला नको. नागपूरच्या सोनेगाव वेधशाळेत ३.५ अंश नोंदले गेले होते. आम्ही बेस्याच्या पुढे, मोकळ्या प्लॉटांच्या मधे राहतो, शहरापेक्षा इथे हीव नेहमीच जास्त. सांदवाडीत, म्हणजे परसात, एकच केळ होती, घड पाऊण भरलेला. सकाळी झाड ठीक दिसलं म्हणून मी निश्चिंत. चौथ्या दिवसापासून पानं कडेने पिवळी, मग तपकिरी होत गेली. घड उतरवून पोत्यात घातला, तर केळी पिकण्याऐवजी राखी रंगाची झाली आणि आत मधोमध टणकच राहिली. सासरे जळगाव जिल्ह्यातल्या यावलचे, अर्धं आयुष्य केळीत गेलेलं. फोनवर एवढंच म्हणाले, "जावईबापू, चरका बसला. आता पानं कापू नका, झाड उभं राहू द्या."

पॉलिहाऊसचं खूळ तेव्हापासूनच डोक्यात होतं, बांधायला मात्र पुढची काही वर्षं गेली.

मापं: १० बाय १२ फूट, बाजूची उंची ७, मधला कणा ९ फूट. उभे खांब दोन जुन्या कूलर स्टँडचे, लोखंडाचे. उरलेलं सगळं बांबू, आणि जोडांना सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या. ही पट्टी सुतळीपेक्षा कितीतरी बरी: सुतळी दवाने सैल पडते, ट्यूब पकड सोडत नाही. शिवाय तिने बांबूची टोकं झाकली जातात, त्यामुळे वरचा प्लास्टिकचा कागद फाटत नाही. दार म्हणजे एक चौकट, आणि मागच्या भिंतीत वरच्या बाजूला जुन्या कूलरचाच पंखा उलटा बसवलेला, गरम हवा बाहेर फेकायला. सगळं मिळून अकरा हजारांच्या आसपास गेले, त्यातले दीड हजार शुद्ध मूर्खपणाचे.

तो मूर्खपणा असा. इतवारीत एका दुकानात "हाच कागद सगळे नेतात" म्हणून जाड, चकचकीत प्लास्टिक घेतलं. दिसायला छान. जानेवारी संपता संपता ते कणा जिथे टेकतो तिथे दुधाळ झालं, आणि फेब्रुवारीत गारा पडल्या तेव्हा पापडासारखं फुटलं. गारा हरभऱ्याएवढ्याच होत्या, दोष त्यांना देता येत नाही. दुसऱ्या वर्षी २०० मायक्रॉनचा यूव्ही स्टॅबिलाइज्ड (उन्हात टिकणारा) कागद शेतीमालाच्या दुकानातून आणला. तो या ऑक्टोबरात दुसऱ्यांदा चढवला, अजून एक भोक नाही. पण तो मी मार्चमध्ये उतरवतो, पुसतो आणि माळ्यावर ठेवतो. नवतपात, मेअखेरच्या कडक उन्हात, गच्चीवर घडी करून ठेवलात तर कोणताही कागद घालवाल.

आता मुख्य मुद्दा, ज्याबद्दल बांधण्याआधी मला काहीच समज नव्हती. प्लास्टिकने रात्र गरम होत नाही.

पहिल्या आठवड्यात आत एक आणि बाहेर एक असे दोन थर्मामीटर टांगले. निरभ्र रात्र, वारा नाही, पहाटे साडेपाचला बाहेर ९.२ आणि आत १०.१. एका पहाटे तर आतला पारा बाहेरच्यापेक्षा किंचित खालीच होता. जमिनीने दिवसभर घेतलेली ऊब रात्री आकाशाकडे निघून जाते, आणि साधं पॉलिथिन तिला फारसं अडवत नाही. मग शंभर-शंभर वॉटचे दोन बल्ब रात्रभर लावून पाहिले. जेमतेम एक अंश वाढला, रोज अडीच युनिट जळले, आणि वाऱ्याने हललेलं एक पान बल्बला चिकटून भाजलं ते वेगळंच.

उपाय सासऱ्यांच्या एका वाक्यातून निघाला. यावल-रावेरकडे थंडीच्या लाटेत लोक रात्री बागेला विहिरीचं पाणी देतात, बांधावर ओला पालापाचोळा पेटवून धूर करतात. "पाण्यात ऊब असते," ते म्हणाले. आमच्या बोअरचं पाणी जानेवारीत सकाळी बादलीत घेतलं की वाफाळतं, हे मी रोज पाहत होतो, डोक्यात मात्र कधी आलं नाही. दोनशे लिटरचे चार ड्रम आणले, काळा रंग मारला आणि उत्तरेच्या भिंतीला लावून भरून ठेवले. दिवसभर ऊन खाऊन संध्याकाळी पाणी २४ अंशांवर, पहाटे १९ वर. म्हणजे ८०० लिटर पाणी पाच अंशांनी थंड होताना साडेचार युनिटच्या वर उष्णता देऊन गेलं, तेही फुकट. त्याच आठवड्यात कागदाची खालची कड वीतभर मातीत गाडली आणि दाराच्या फटीत गोणपाट कोंबलं. तेव्हापासून आतबाहेरचा फरक साडेतीन अंशांच्या आसपास राहिला. बाहेर ७.८ असताना आत ११.४, ही माझी सगळ्यात थंड नोंद.

साडेतीन अंशांनी काय होतं, असं शेजारच्या काकांनी विचारलं होतं. खरं तर रात्रीपेक्षा दिवसाचा फरक मोठा. सोळा अंशांच्या खाली केळीची वाढ मंदावते, दहा-बाराच्या आसपास जवळपास थांबते. उघड्यावरची केळ सकाळी दहा वाजेपर्यंत झोपलेलीच असते. आतली आठलाच जागी होते, कारण ऊन पडलं की वीस मिनिटांत आत उबारा येतो. मी पोंग्यावर मार्करने रेघ मारून ठेवायचो, गुंडाळलेलं नवं पान रोज किती वर सरकतं ते पाहायला. आतल्या झाडाची रेघ दोन दिवसांत बोटभर वर गेलेली, बाहेरच्या झाडाची चार दिवस तिथेच. डिसेंबर-जानेवारी मिळून आतल्या झाडांनी सहा-सहा पानं काढली, बाहेरच्या दोघांनी दोन-दोन.

आणि या पानांचाच सगळा खेळ आहे. ग्रँड नैन जातीची टिशू कल्चरची (प्रयोगशाळेत वाढवलेली) सहा रोपं मी ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात लावली होती, चार आत आणि दोन बाहेर. जळगावकडे या लागवडीला कांदेबाग म्हणतात, जूनची ती मृगबाग. केळ ठरावीक पानं काढल्याशिवाय निसवत नाही, म्हणजे घड बाहेर टाकत नाही. आतली चारही जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात निसवली आणि ऑक्टोबरात घड उतरले, सगळ्यात मोठा २१ किलोचा. बाहेरची दोन निसवली सप्टेंबरमध्ये. म्हणजे त्यांचे घड भरायची वेळ नेमकी डिसेंबर-जानेवारीत आली, आणि व्हायचं तेच झालं: बोटभर केळी, वर राखी छटा. घड झाडावर असताना पॉलिहाऊसवर कागद नव्हताच, तेव्हा त्याने घड थंडीपासून वाचवला असं म्हणता येणार नाही. त्याने रोपाला दोन महिने पुढे ढकललं, आणि घड थंडीच्या आधी घरात आला.

हे कळायला मला दुसरा हिवाळा वाया घालवावा लागला. पहिला घड उतरल्यावर प्रत्येक खुंटाशी फुटलेल्या नव्या रोपांतलं सगळ्यात दणकट पील ठेवलं. दणकट ते चांगलं, असा सरळ हिशेब. नोव्हेंबरात कागद चढवला तेव्हा पिलं साडेपाच फुटांची होती, डिसेंबरात पानं छताला टेकली. ओल्या कागदाला चिकटलेली पानं सडली, त्यावर करपा आला, आणि दमट हवेत तो चौघांवर पसरला. त्यातलं एक पील जानेवारीत निसवलं, तर घड गळ्यातच अडकला. दांडा बाहेर येईना, कमळ (केळफूल) अर्धवट वाकडं, फण्या एकमेकींत दाबलेल्या. पाचच फण्या होत्या. घड दिसण्याच्या दोनतीन महिने आधीच झाड तो पोटात धरतं, आणि तेव्हापासून पुढचा सगळा काळ थंडीचा. साडेतीन अंश तिथे पुरत नाहीत. सासऱ्यांना फोटो पाठवला. उत्तर आलं, "पील तलवारीसारखं, अरुंद पानांचं निवडलंत ते बरोबर, पण महिना चुकला." आता मी मोठी पिलं जुलै-ऑगस्टमध्येच जमिनीलगत कापतो आणि नोव्हेंबरात दोन-अडीच फुटांचं असेल असंच एक ठेवतो.

एक धोका थंडीचा नाही, उन्हाचा आहे. डिसेंबरातल्या एका रविवारी लग्नाला वर्धेला गेलो, दार उघडायचं राहिलं. बाहेर २८ अंश, संध्याकाळी येऊन पाहिलं तर थर्मामीटरची कमाल नोंद ४६. दोन पोंगे वरून करपले. नागपूरचं हिवाळी ऊन साधं समजू नका. सकाळी दहाला दार उघडायचं, साडेचारला बंद करायचं, आणि घरात कोणी नसेल तर पंख्याला थर्मोस्टॅट लावायचा. मी साडेचारशे रुपयांचा लावला, तो बरा चालतोय.

पाणी संध्याकाळी चारच्या सुमारास, थेट बोअरचं. टाकीचं पाणी सकाळी देऊ नका, रात्रभर गार झालेलं असतं आणि मुळं तेवढ्यापुरती आखडतात. हिवाळ्यात पाणी कमीच लागतं. खताचं मी विशेष काही केलं नाही: शेणखत, आणि महिन्याला मूठ-मूठ युरिया-पोटॅश, थंडीत तेही अर्धं. पानांखाली पिठ्या ढेकूण दिसला की ओल्या फडक्याने पुसून काढायचा, चारच झाडं असल्याने जमतं.

ड्रमला झाकणं हवीतच, नाहीतर डासांची शेती होते. मी पहिल्या वर्षी ठेवली नाहीत, आणि फवारणीला आलेल्या माणसाने टॉर्च मारून अळ्या दाखवल्या. घरच्यांसमोर.

पैशांचा हिशेब विचाराल तर मी तो मांडतच नाही. चार घडांची मिळून ७२ किलो केळी झाली, तेवढी कॉटन मार्केटमधून अकरा हजारांपेक्षा पुष्कळ स्वस्तात आली असती. पण एक फायदा मी धरलाच नव्हता. वाऱ्याने न फाटलेली अख्खी पानं हिवाळाभर आतल्या झाडांवर असतात, आणि मोहल्ल्यात सत्यनारायण असला की पहिला फोन आम्हाला येतो. आईने आता नियम केलाय, एका झाडाचं महिन्यात एकच पान.

ज्यांच्याकडे सकाळ-संध्याकाळ दार उघडबंद करायला कोणी नाही, त्यांनी या भानगडीत पडू नये. शहराच्या दाट वस्तीत, दोन इमारतींच्या मधे अंगण असेल तर गरजही नाही; तिथे भिंतीच रात्री ऊब देतात. आमच्यासारख्या उघड्या प्लॉटवर, ऑक्टोबरात लावलेल्या लहान रोपांसाठी, ड्रमसकट बांधणार असाल तर जरूर बांधा.

या वर्षी आत तीन ग्रँड नैन आणि एक सफेद वेलची जातीची केळ आहे. वेलची सासऱ्यांनी यावलहून ओल्या गोणपाटात गुंडाळून आणली, स्वतः लावली, आणि ड्रमवर हात ठेवून म्हणाले, "हे आमच्याकडे कोणी केलं नव्हतं." काल पहाटे बाहेर १०.६, आत १४.१. वेलचीच्या पोंग्यावर रेघ मारून ठेवली आहे.