'ऑफ'चा दुसरा एफ : चॅटमधल्या इंग्रजीला जीबोर्ड किती उपयोगी?

"प्लीज स्विच ऑफ द एसी" हा मेसेज ऑफिसच्या ग्रुपवर टाकताना 'ऑफ' नुसतं ओ-एफ लिहिलं, तरी स्पेलिंग तपासणाऱ्याला त्यात काहीच खटकत नाही. ओ-एफ शब्दकोशात आहे, ओ-एफ-एफही आहे. मराठी कानाला दोन्ही 'ऑफ'. जीबोर्डचं परीक्षण इथूनच सुरू करावं लागतं, कारण आपल्या चॅटमधल्या इंग्रजीत ज्या चुका खरोखर लाज आणतात त्यातल्या बऱ्याच अशाच असतात : स्पेलिंग बिनचूक, शब्द भलताच.

गूगलचा हा कीबोर्ड २०१६ साली आधी आयफोनवर आला आणि त्याच वर्षाच्या शेवटी अँड्रॉइडवर. आज पुष्कळ अँड्रॉइड फोनांत तो आधीपासूनच असतो. सॅमसंगच्या फोनात मात्र कंपनीचा स्वतःचा कीबोर्ड असतो, तेव्हा आपण नेमकं कशावर टाइप करतोय ते आधी पाहून घ्या. खाली लिहिलंय ते अँड्रॉइडवरच्या जीबोर्डबद्दल आहे. आवृत्तीनुसार मेनूतली नावं थोडी इकडेतिकडे होतात.

पैसे पडत नाहीत, इंग्रजी-मराठी दोन्ही एकाच जागी मिळतात, म्हणून तक्रार करायला तशी जागा कमी. तरी एक तक्रार आहेच, आणि ती मोठी आहे : या कीबोर्डची सर्वांत उपयोगी सोय आणि सर्वांत घातक सोय एकाच पानावर शेजारीशेजारी बसली आहेत. उपयोगी ती 'स्पेल चेक', घातक ती 'ऑटो-करेक्शन'. पहिली शब्दाखाली लाल रेघ मारून विचारते, बदलू का? दुसरी न विचारता बदलून मोकळी होते. निव्वळ इंग्रजीत चॅट करणाऱ्याला ऑटो-करेक्शन चालून जाईल. आपलं चॅट तसं नसतं. "अरे मग सांग ना, मीटिंग कितीला आहे" हे रोमन लिपीत लिहिणाऱ्यांचा 'अरे' म्हणजे ए-आर-ई, इंग्रजीतला 'आर'. 'पण' म्हणजे पी-ए-एन, तवा. 'सांग' म्हणजे एस-ए-एन-जी, 'गायलं'. हे शब्द इंग्रजीतही असल्यामुळे तसेच राहतात. जे इंग्रजीत नाहीत त्यांना कीबोर्ड जवळच्या एखाद्या इंग्रजी शब्दाकडे ओढायला बघतो. 'कर' लिहायला के-ए-आर टाइप करा, शेजारीच सी-ए-आर टपून बसलेला असतो.

म्हणून पहिलं काम सेटिंगचं. स्वल्पविरामाची कळ दाबून धरा, गिअरचं चित्र येईल, त्यावरून 'टेक्स्ट करेक्शन'मध्ये जा. तिथे 'ऑटो-करेक्शन' बंद करा. 'स्पेल चेक' चालू ठेवा. त्यावर दाबल्यावर अँड्रॉइडचं स्वतःचं पान उघडतं, तिथेही बटण चालू हवं आणि तपासनीस म्हणून जीबोर्ड निवडलेला हवा. लाल रेघ कधीच दिसत नाही म्हणणाऱ्यांचं घोडं बहुतेक वेळा या दुसऱ्या पानावर अडलेलं असतं. ऑटो-करेक्शन ठेवायचंच असेल तर निदान 'अनडू ऑटो-करेक्ट ऑन बॅकस्पेस' चालू करा. मग शब्द बदलला गेला की लगेच एकदा बॅकस्पेस दाबायचं, तुमचा मूळ शब्द परत येतो. 'लगेच' महत्त्वाचं, पुढचा शब्द लिहून झाला की ती संधी गेली.

एवढं केल्यावर कीबोर्ड काय पकडतो? शब्दकोशात नसलेलं जवळजवळ सगळं. 'रिसीव्ह'मध्ये सी-नंतर आय आधी लिहिला, 'सेपरेट'च्या मधल्या ए-ऐवजी ई लिहिला, 'टुमॉरो'मध्ये दोन एम आणि एकच आर झाला, 'अकॉमोडेशन'मध्ये एक एम खाल्ला, तर लाल रेघ येते आणि शब्दावर टॅप केलं की बरोबर रूप समोर येतं. 'डेफिनेटली' हा आपला उच्चारच मुळात ए-टी-ई-एल-वाय लिहायला लावतो. शब्दात तिथे आय आहे. या जातीच्या चुकांना जीबोर्डला दहापैकी नऊ गुण द्यायला हरकत नाही.

उरलेला एक गुण त्याच्या शिकण्याच्या सवयीने घालवला. लाल रेघेकडे काणाडोळा करून तुम्ही चुकीचं रूप पुन्हापुन्हा पाठवत राहिलात, तर कीबोर्ड ते तुमचं म्हणून लक्षात ठेवतो आणि मग वरच्या पट्टीत तेच सुचवायला लागतो. उपाय सोपा : पट्टीतला तो चुकीचा शब्द दाबून धरा आणि ओढून कचऱ्याच्या डब्यात टाका. फारच घाण साठली असेल तर 'प्रायव्हसी'मध्ये 'डिलीट लर्न्ड वर्ड्स अँड डेटा' आहे. पडद्यावर दिलेला आकडा टाइप करून खात्री द्यावी लागते. मात्र त्यात शिकलेली चांगली नावंही जातात. म्हणून घरच्यांची, सहकाऱ्यांची, गावांची नावं आधीच 'पर्सनल डिक्शनरी'त घालून ठेवलेली बरी. तिथे प्रत्येक शब्दाला आखूड रूपही जोडता येतं. पत्ता किंवा ई-मेल दोन अक्षरांत येतो, चुकण्याचा प्रश्नच नाही.

आता पुन्हा 'ऑफ'कडे. मराठीत जसं बोलतो तसं लिहितो, आणि हीच सवय इंग्रजीत आडवी येते. 'लेटर' म्हणजे पत्र की नंतर? देवनागरीत दोन्ही एकच. म्हणून "आय विल कॉल यू लेटर" लिहिताना डबल टी पडतो आणि वाचणाऱ्याला पत्र दिसतं. 'लूज' हे दोन शब्द आहेत : एका ओ-चा हरवणं, दोन ओ-चा सैल. "डोन्ट लूज होप"मध्ये दुसरा ओ आला की आशा सैल सोडू नका असं काहीतरी होतं. 'लिव्ह' आणि 'लीव्ह' यांतली ऱ्हस्व-दीर्घ वेलांटी आपण बोलताना फारशी पाळत नाही, म्हणून "आय लिव्ह ऑफिस ॲट सिक्स" : हा माणूस ऑफिसात राहतो की काय! 'ॲडव्हाइस' सी-ने लिहिला तर सल्ला, एस-ने लिहिला तर सल्ला देणं. आपल्याकडे दोन्ही एकाच तोंडाने बोलतात. 'प्राइस' आणि 'प्राइझ'चं तेच. आणि 'व' तर एकच, इंग्रजीत त्याच्या जागी व्ही आणि डब्ल्यू असे दोन, म्हणून 'व्हॅरी' (बदलत जाणं) लिहायचं तिथे 'वेअरी' (सावध) पडतो. 'देन' आणि 'दॅन'ची अदलाबदल सांगायलाच नको. तुलना असेल तिथे ए, मग-नंतर असेल तिथे ई.

यातल्या एकाही जोडीत स्पेल चेक तुमच्या कामाचा नाही, कारण दोन्ही शब्द त्याच्या वहीत आहेत. इथे 'ग्रामर चेक' कामाला येऊ शकतो. ही सोय २०२१ साली आधी गूगलच्याच पिक्सेल ६ फोनवर आली. ती फोनमध्येच चालते, चूक वाटली की निळी रेघ मारते. तुमच्या फोनात असेल तर 'टेक्स्ट करेक्शन'मध्ये दिसेल. 'डिडन्ट' पुढे 'वेंट', 'ही' पुढे एस नसलेलं 'गो' अशा रूपाच्या चुका पकडणं तिच्या आवाक्यात आहे. 'लूज'सारखी जोडी पकडायची तर तिला आजूबाजूचं वाक्य लागतं, आणि चॅटमध्ये वाक्य असतं तीन शब्दांचं, पूर्णविरामाशिवाय, अर्धं आधीच्या मेसेजात. कीबोर्डला आधीचा मेसेज दिसत नाही. तेव्हा महत्त्वाचा निरोप तुकड्यातुकड्यांत न पाठवता एकाच मेसेजात, पूर्णविराम देऊन लिहा. तपासणी बरीच सुधारते. 'प्रूफरीड' नावाची आणखी एक सोय काही फोनांवर आहे, ती सगळा मेसेज एकदम दुरुस्त करून देते. पण काही फोनांवर त्यासाठी मजकूर गूगलच्या सर्व्हरवर जातो. ऑफिसचं गोपनीय काही असेल तर चालू करताना येणारी सूचना आधी वाचा.

अपॉस्ट्रॉफीचा प्रकार तर मजेशीर आहे. 'डोन्ट' अपॉस्ट्रॉफीशिवाय लिहिला तर तसा शब्दच इंग्रजीत नाही, त्यामुळे दुरुस्ती सहज होते. पण 'वी विल'चं लघुरूप अपॉस्ट्रॉफी न देता लिहिलं की विहीर होते, 'आय विल'चं केलं की आजारी, 'शी विल'चं शिंपला आणि 'ही विल'चं थेट नरक. हे चारही शब्द शब्दकोशात सुखाने नांदतायत. पुढचे शब्द पाहून कीबोर्ड कधी सुचवतो, कधी सोडून देतो. पूर्णविरामाची कळ दाबून धरली की अपॉस्ट्रॉफी वर येते, पानं बदलावी लागत नाहीत. 'युवर'चं पण असंच : 'यू आर' असं सुटं वाचून पाहा, अर्थ लागला तर अपॉस्ट्रॉफीवालं रूप, नाही लागला तर वाय-ओ-यू-आर. उलटी चूकही तितकीच दिसते. फोटोज, पीडीएफ्स अशा अनेकवचनांना अपॉस्ट्रॉफी लागत नाही.

बोट न उचलता अक्षरांवरून फिरवत लिहिण्याची 'ग्लाइड टायपिंग' ही सोय वेगवान आहे, पण तिचा एक गुणधर्म ध्यानात ठेवा. ती नेहमी वहीतलाच शब्द उचलते. त्यामुळे लाल रेघ जवळपास येतच नाही, आणि चुकीचा शब्द बिनबोभाट निघून जातो.

आणि मग त्या चुका, ज्यांना कुठलाच कीबोर्ड चूक म्हणेल याची खात्री नाही, कारण त्या इंग्रजी शब्दांत लिहिलेलं मराठी असतात. "मी काल मेल पाठवलाय" मराठीत चालतं. इंग्रजीत 'यस्टरडे' आलं की 'हॅव सेंट' नको, नुसतं 'सेंट'. "मी दोन वर्षांपासून इथे काम करतोय"मधलं 'पासून' आपण 'सिन्स' करतो; मुदत सांगायची असेल तर 'फॉर', सुरुवातीचं साल सांगायचं असेल तर 'सिन्स', आणि क्रियापद 'हॅव बीन वर्किंग'. "मी इथेच आहे"मधला 'च' शेवटी 'ओन्ली' होऊन बसतो. इंग्रजीत तो नुसता गाळावा. "का येत नाहीस?" वरून "व्हाय यू आर नॉट कमिंग" येतं, तिथे 'आर'ची जागा 'यू'च्या आधी. 'डिस्कस'ला 'अबाउट' लागत नाही, 'चर्चा विषयी' आपल्या डोक्यात असते म्हणून ते चिकटतं. डोकं दुखत असेल तर 'पेनिंग' नव्हे, 'हर्टिंग', किंवा सरळ 'आय हॅव अ हेडेक'. यातला 'अ' मराठीत नाहीच, म्हणून सर्वांत जास्त तोच गळतो.

'प्रीपोन'ला मात्र हात लावू नका. तो ऑक्सफर्डच्या शब्दकोशातही आहे आणि पुण्यापासून बंगळुरूपर्यंत सगळ्यांना कळतो. परदेशी क्लायंटला लिहितानाच तेवढं 'मूव्ह इट अर्लियर' करा. 'रिव्हर्ट'बाबतीतही हेच, तिकडे त्याचा अर्थ पूर्वस्थितीला जाणं, तेव्हा 'रिप्लाय' लिहिलेलं सुरक्षित.

भाषेच्या यादीत 'इंग्लिश (इंडिया)' आणि 'इंग्लिश (यूएस)' दोन्ही चालू ठेवू नका, सुचवण्यांची खिचडी होते : एका ओळीत 'कलर'ला यू, दुसरीत नाही. आपल्या सरकारी आणि शाळेच्या वळणाला पहिली बरी. तिच्या जोडीला मराठीसाठी 'एबीसी ते मराठी' हा लिप्यंतराचा आराखडा घ्या. मराठी वाक्य मराठी कीबोर्डवरून देवनागरीत गेलं की इंग्रजी तपासनीसाच्या डोक्याला होणारा निम्मा ताप कमी होतो, आणि 'अरे'चा 'आर' होत नाही. स्पेसची कळ दाबून धरली की भाषांची यादी येते, तिथून भाषा बदलते.

स्पेलिंगसाठी पाचपैकी साडेचार तारे, व्याकरणासाठी तीन, मिंग्लिश, म्हणजे आपलं मराठी-इंग्रजी मिश्रण, सहन करण्यासाठी दोन. आणि एवढं सगळं करूनही डबल टी-चं 'लेटर' निघून गेलंच, तर व्हॉट्सॲपवर मेसेज दाबून धरा आणि 'एडिट' करा. पाठवल्यापासून १५ मिनिटं मिळतात. दुरुस्त मेसेजाखाली 'एडिटेड' दिसतं, पण आधी काय लिहिलं होतं ते दिसत नाही.