शांतीसेनेच्या स्टॅम्पचा सेट, घ्यावा का?

भारताच्या शांतीसेनेतल्या कामगिरीची आठवण म्हणून हा जुन्या तिकिटांचा सेट ऑनलाईन मागवला आणि खरं सांगू, कोरियावाली तिकिटं बघून पैसे वसूल झाले! १९५३ ची, आपलीच नेहमीची तिकिटं पण वर चक्क देवनागरीत छापलंय ‘भारतीय संरक्षा कटक कोरिया’ (कटक म्हणजे सैन्य), आपले जवान तिकडे युद्धकैदी सांभाळायला गेलेले ना, त्यांच्या पत्रांसाठी. १९६२ ची काँगोची पण आहेत, नकाशावाली, ती हातात घेतली की कॅप्टन सलारिया आठवतातच, १९६१ मध्ये तिथेच शहीद झाले, परमवीर चक्र. गाझातल्या आपल्या जवानांसाठीचं, नेहरूंचं चित्र असलेलं १९६५ चं एकच. पॅकिंग मात्र भंगार, एकाचा कोपरा दुमडलेला आला, विक्रेता म्हणे जुनंच असतं.