मासा चांगला दिला, पण झाकणानं घात केला

रिव्ह्यू लिहायला तसा उशीरच झालाय. आठ महिने मुद्दाम थांबलो होतो, कारण सॉल्टवॉटरच्या, म्हणजे समुद्री मासे विकणाऱ्या दुकानाबद्दल पहिल्या आठवड्यात लिहिलेलं काही खरं नसतं, मासा जगला की मग बोलायचं. दुकानाचं नाव टाकत नाही कारण पुढं तक्रारी पण आहेत आणि मालक माणूस म्हणून चांगला आहे, उगाच कशाला. कोल्हापुरात मरीन ठेवणारे आपण मूठभर, ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

माझा टँक 3 फूट बाय दीड बाय दीड, म्हणजे काठोकाठ भरला तर 190 लिटरच्या आसपास. मासे म्हणजे दोन क्लाऊन, एक फायरफिश, आणि जिवंत प्रवाळात थोडे झोआ आणि लेदर कोरल, बास. जॉफिश या वाळूत बीळ करून राहणाऱ्या माशाचं वेड एका मित्राच्या टँकमध्ये बघून लागलं. पिवळं डोकं, मोत्यासारखं निळसर अंग, आणि बिळाच्या तोंडावर शेपटी खाली करून उभाच्या उभा तरंगणार, कुणी जवळ आलं की पाठीमागं न बघता शेपटीकडनं सुळ्ळकन आत! आधी विचार होता मुंबईहून ट्रॅव्हल्सवर बॉक्स मागवायचा, पण तो उद्योग मी पूर्वी केलाय, पहाटे कावळा नाक्यावर कुडकुडत उभं राहायचं, गाडी दोन तास लेट, आणि थर्माकोल उघडला की पिशवीतला मासा आडवा. म्हणून म्हटलं गावातच बघू.

दुकानात गेलो आणि सरळ विचारलं, मालक, यलोहेड जॉफिश मागवून द्याल काय? त्यांनी किंमत सांगितलीच नाही. उलटा प्रश्न, "वाळू किती इंच हाय?" मी म्हटलं दीड. "मग न्हाई देत. दीड इंचात ते झोपणार कुठं?"

तेव्हा खरं सांगतो राग आला, गिऱ्हाईक पैसे द्यायला तयार आणि हा माणूस शाळा घेतोय. पण नंतर त्यांनी स्टुलावर बसवून अर्धा तास जे सांगितलं ते शंभर टक्के बरोबर निघालं. हा मासा कॅरिबियन समुद्रातला, फ्लोरिडाच्या बाजूचा, लांबी जेमतेम 4 इंच, आणि त्याचं सगळं आयुष्य एका बिळाभोवती जातं. त्याला कमीत कमी 5 इंच वाळू पाहिजे आणि तीसुद्धा सगळी साखरेसारखी बारीक नको, बारीक वाळू, जाड खडे, शिंपल्यांचे तुकडे सगळं मिसळून पाहिजे, कारण नुसत्या बारीक वाळूत बीळ टिकत नाही, ढासळतं. दगडाचे तुकडे लावून तो आतल्या भिंती बांधतो, आपल्याकडं विहीर बांधतात तसं. आणि दुसरी गोष्ट म्हणजे लाईव्ह रॉक (टँकमधला जिवाणू वाढलेला दगड) वाळूवर ठेवायचा नाही, आधी रॉक थेट काचेच्या तळाला टेकवायचा, मग वाळू भरायची. नाहीतर हा खालून पोखरणार आणि एक दिवस रॉक त्याच्याच अंगावर. माझे सगळे रॉक वाळूवर होते!!

मग काय, एक अख्खा रविवार गेला. मासे बादल्यांत, पाणी ड्रममध्ये, रॉक बाहेर, बायको माहेरी (योगायोग, त्यामुळं नाही). सगळ्या टँकमध्ये 5 इंच करण्यापेक्षा उजवीकडच्या एका फुटात 5 इंच आणि बाकी 2 इंच असं केलं, मध्ये रॉकचा बांध घातला. तेवढ्यातसुद्धा एकूण चाळीस-पंचेचाळीस किलो वाळू बसली. वाळू याच दुकानातनं घेतली आणि ती महाग लावली हे माझं स्पष्ट मत आहे. जाड तुकड्यांसाठी कुणीतरी सांगेल मालवणला जा आणि किनाऱ्यावरनं कोरलचे तुकडे गोळा करून आण, ते अजिबात करू नका, आपल्या समुद्रातलं प्रवाळ वन्यजीव कायद्यात शेड्यूल 1 मध्ये आहे, वाघ आहे तिथंच. मी काय केलं तर घरी तिसऱ्या आणल्या होत्या, त्याच्या शिंपल्या मसाला लागायच्या आधीच बाजूला काढल्या, दोनदा उकळल्या, गच्चीवर आठवडाभर वाळवल्या, निम्म्या हातोडीनं फोडल्या, निम्म्या अख्ख्या ठेवल्या. आई म्हणाली माशाला पण आता मासेच लागतात काय.

मासा आला. इथं दुकानाला पैकीच्या पैकी. मोकळ्या काचेच्या टँकमध्ये न ठेवता आइस्क्रीमच्या डब्यात वाळू भरून त्यात पीव्हीसी पाइपचा तुकडा पुरून ठेवलेला, म्हणजे त्याला लपायला जागा. लगेच दिला पण नाही, दहा दिवस स्वतःकडं ठेवला, अंगावर इच (पांढऱ्या ठिपक्यांचा रोग) वगैरे काही उठतंय का बघितलं आणि माझ्यासमोर त्याला मायसिस (कोळंबीसारखं बारीक खाद्य) चारून दाखवलं तेव्हाच पैसे घेतले. साडेचार हजार मोजले. एवढ्यात घरच्या सगळ्यांचं किती वेळा तांबडा-पांढरा झालं असतं हा हिशोब मी केला नाही, बायकोनं केला.

आता तक्रार. जॉफिश उडी मारतो, हे त्यांनीच सांगितलं आणि त्यांनीच "झाकण आमच्याकडनं करून घ्या" म्हणून माणूस पाठवला. अॅक्रिलिकची शीट, पाइप जायला मागच्या कोपऱ्यात दोन इंचाची खाच. मी म्हटलं ही खाच मोठी वाटते, तर म्हणाला काही नाही होत साहेब, त्या कोपऱ्यात कशाला जातोय मासा. अकराव्या दिवशी रात्री लाईट गेली, टँकचा लाईट फटकन बंद, अंधारात काय दचकला असेल कुणास ठाऊक, सकाळी बीळ रिकामं. दोन दिवस वाटलं आत बसलाय. तिसऱ्या दिवशी स्टँडच्या मागं झाडू घातला तेव्हा सापडला, वाळलेल्या बोंबलासारखा. बरोबर त्याच खाचेच्या खाली.

फोन केला तर मालक म्हणाले वाईट झालं, पण झाकण बसवणारा आमचा पगारी माणूस न्हाई. अहो पण पाठवला कुणी? बिल कुणी घेतलं? यावर उत्तर नाही. शेवटी दुसऱ्या माशात हजार रुपये कमी केले, तेही मी दोन चकरा मारल्यावर. शिवाय ती शीट पंधरा दिवसांत मधोमध वाकली, ओलाव्यानं अॅक्रिलिक वाकतंच, हे मरीनवाल्याला माहीत पाहिजे होतं.

त्यामुळं झाकण मी उद्यमनगरात जाऊन खिडकीच्या जाळ्या करणाऱ्याकडनं करून घेतलं. अॅल्युमिनियमची चौकट, त्यात 6 मिलीमीटर भोकाची पारदर्शक नायलॉनची जाळी, रबरानं दाबलेली, पाइपपुरतीच जागा कापली आणि तीसुद्धा स्पंजनं बंद केली. त्याला वाटलं डासांसाठी, मासा बाहेर येऊ नये म्हणून आहे म्हटल्यावर दोन मिनिटं माझ्याकडं बघत बसला. दुकानाच्या निम्म्या पैशात काम झालं आणि लाईटपण आत नीट पडतो. टँकचा लाईट आता हळूहळू मंद होत बंद होतो आणि पॉवर गेली तरी एक छोटा दिवा इन्व्हर्टरवर चालू राहतो.

दुसरा मासा पहिले तीन दिवस दिसलाच नाही, मग एका सकाळी तोंडात वाळू भरून बाहेर आला आणि थुंकला. थेट लेदर कोरलवर. त्यानंतर आजतागायत थुंकतोच आहे. तोंडात मावेल ते सगळं उचलतो, माझा एक झोआचा फ्रॅग (छोटा तुकडा) प्लगसकट, म्हणजे खालच्या बैठकीसकट पळवून बिळाच्या भिंतीत बसवलाय, तीनदा काढला, तीनदा परत नेला, आता मी सोडून दिलंय. आणि संध्याकाळी लाईट मंद झाला की एक अख्खी तिसरीची शिंपली, कायम तीच, तोंडात धरून ओढत आणतो आणि दारावर अशी बसवतो की बीळ कुठं होतं ते कळत नाही. सकाळी ती शिंपली आधी जराशी हलते, मग फटीतनं दोन डोळे.

फ्रोझन फूड मात्र या दुकानातनं घेऊ नका. उन्हाळ्यात एकदा मायसिसचं पाकीट घेतलं तर आतला बर्फ एका बाजूला गोळा झालेला, म्हणजे वितळून परत गोठलेलं. लाईट जाते तर फ्रीजरला बॅकअप नको? सांगितलं तर बदलून दिलं, पण बदललेलं पण तसंच. टँकमेटच्या, म्हणजे सोबत ठेवायच्या माशांच्या बाबतीत पण जरा सावध, माझ्या जॉफिशबरोबर डॉटीबॅक नावाचा भांडखोर मासा खपवायला बघत होते, तो याला बिळाच्या बाहेर फिरकू देणार नाही. एकदा ब्लू स्पॉटेड जॉफिश मागवू का म्हणून पण विचारलं, दिसायला नाद खुळा आहे पण तो कॅलिफोर्नियाच्या आखातातला, त्याला यलोहेडपेक्षा गार पाणी लागतं, आणि माझ्याकडं चिलर (पाणी गार करायचं मशीन) नाही. एप्रिल-मेमध्ये दोन पंखे लावून मी कसंबसं 27 वर ठेवतो आणि रोज दोन-अडीच लिटर आरओचं पाणी वरनं घालतो, कारण पाणी उडतं पण मीठ मागंच राहतं, सॅलिनिटी (खारटपणा) 1.025 च्या पुढं सरकायला वेळ लागत नाही.

मासा घ्यायचा तर याच दुकानातनं घ्या हे तरीही सांगेन. गेल्या आठवड्यात गेलो होतो, म्हटलं मालक, एक जोडीदार बघा याला, ही जात जोडीनं राहते आणि नर तोंडात अंडी सांभाळतो, बघायचंय एकदा. पावती लिहीत होते, मान वर न करता विचारलं, "वाळू किती उरलीया?"

घरी येऊन काचेला पट्टी लावली. चार इंच.